कमी उजेड, वेगवान हालचाल आणि हातात मॅक्रो लेन्स

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी लेन्स, बहुतेक जण फुलं, किडे आणि दागिन्यांसाठी घेतात आणि तेवढ्यासाठीच बॅगेतून बाहेर काढतात. पण ९० ते १०५ मिमीची एफ/२.८ मॅक्रो ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे एक आटोपशीर टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्सही आहे. बंदिस्त कोर्टावरचा खेळ, रंगमंचावरचं नृत्य, संध्याकाळी धावणारं मूल किंवा कुत्रा, या सगळ्याला ती चालते. ‘मॅक्रो स्लो असते, ॲक्शनसाठी उपयोग नाही’ असं सरसकट सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उजेड घेण्यात ही लेन्स कमी पडत नाही. घोडं अडतं ते फोकसच्या वेगापाशी. हा वेग का कमी पडतो हे नीट समजलं की वाट काढता येते, आणि मला वाटतं हा भाग प्रत्येक मॅक्रो लेन्सवाल्याने एकदा तरी समजून घ्यायला हवा.

आधी उजेडाचं बघू. एफ/२.८ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्या नावातला मिमीचा आकडा) भागिले उजेड आत घेणाऱ्या झरोक्याचा व्यास. १०० मिमी लेन्सला एफ/२.८ वर हा व्यास साधारण ३६ मिमी येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूमचं ॲपर्चर, म्हणजे हाच झरोका, त्याच फोकल लेंग्थला बहुतेकदा एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे व्यास सुमारे १८ मिमी. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून उजेडही चौपट. साध्या झूमला एका हॉलमध्ये आयएसओ (टिपलेला उजेड किती वर उचलायचा तो आकडा) ३२०० ला १/१२५ सेकंदाचा शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, मिळत असेल, तर त्याच जागी, त्याच आयएसओला मॅक्रो १/५०० देते. १/१२५ ला बॅडमिंटन खेळणाऱ्याचा हात नुसता फराटा होतो. १/५०० ला निदान चेहरा आणि धड स्वच्छ येतात.

किंवा शटर तोच ठेवून आयएसओ ६४०० वरून १६०० वर आणता येतो. फोटोतला दाणेदारपणा वाढतो तो मुळात सेन्सरवर उजेड कमी पडल्यामुळे. आयएसओचा आकडा फक्त त्या कमी उजेडाची मिळालेली नोंद वर उचलतो. उजेडाच्या कणांचा हिशेब असा आहे की चौपट उजेड मिळाला तर चित्राच्या तुलनेत नॉइज निम्मा होतो. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी टिपतानाच मिळालेला जास्तीचा उजेड त्याहून मोलाचा असतो.

किती शटर लागतो? रंगमंचावर बोलणाऱ्या, चालणाऱ्या नटाला १/२०० पुरतो. नृत्याला १/३२० ते १/५००, आणि उडी किंवा गिरकी असेल तर त्याहून वर. बंदिस्त मैदानातल्या खेळांना १/५०० ही खालची मर्यादा धरा, १/१००० मिळाला तर उत्तम. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरचा खेळाडू त्याने थांबत नाही. स्टॅबिलायझेशन चालू ठेवून १/३० ला काढलेल्या फोटोत मागचा पडदा धारदार येतो आणि नर्तकीचे हात धुरासारखे. ॲक्शनसाठी आधी शटर ठरवा, मग ॲपर्चर पूर्ण उघडा आणि आयएसओ जाईल तिथे जाऊ द्या.

पूर्ण उघडण्याचा मुद्दा महत्त्वाचा, कारण मॅक्रोचा एक मोठा गुण तिथे दिसतो. नाणं, पान, कापडाची वीण अशा सपाट वस्तू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट याव्यात म्हणून या लेन्सची रचना फार काळजीने केलेली असते. त्याचा फायदा लांबच्या फोटोंनाही होतो. अनेक लेन्स एफ/२.८ वर थोड्या मऊ असतात आणि एफ/४ वर खुलतात. चांगली मॅक्रो एफ/२.८ वरच खुललेली असते. अंधाऱ्या हॉलमध्ये एफ/४ वर जायची मुभा नसते, तेव्हा ही गोष्ट फार उपयोगी पडते. कोपरे जरासे काळवंडतात, पण रंगमंचाच्या काळ्या पार्श्वभूमीवर ते कुणाला दिसत नाही.

फोकस का भटकतो

आता मूळ दुखण्याकडे येऊ. फोकस बदलण्यासाठी भिंग सेन्सरपासून पुढे सरकावं लागतं. एकच साधं १०० मिमीचं भिंग धरून हिशेब करू. अनंत अंतरावरून ३ मीटरवर फोकस आणायला ते सुमारे साडेतीन मिमी सरकतं. भिंगापासून ५० सेंमीवर आणायला २५ मिमी. आणि वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूएवढीच पडावी, म्हणजे १:१ मिळावं, यासाठी पूर्ण १०० मिमी. म्हणजे प्रवासाचा तीन चतुर्थांश भाग शेवटच्या ३० सेंमीसाठी खर्च होतो. भिंगापासून ९० सेंमीवर थांबणाऱ्या साध्या १०० मिमी लेन्सला हाच सगळा प्रवास साडेबारा मिमीत संपतो.

प्रत्यक्षात आजच्या लेन्समध्ये सगळं भिंग पुढे येत नाही, आतले काही गट सरकतात, त्यामुळे आकडे बदलतात. पण प्रवासाची वाटणी साधारण अशीच राहते. आता खेळात काय होतं ते पाहा. खेळाडू ६ मीटरवर आहे, ऑटोफोकसने त्याला धरलंय, आणि मधेच दुसरा कुणी आडवा गेला किंवा जर्सीचा सपाट रंगाचा भाग फोकस पॉइंटखाली आला. फोकसला आधार सापडत नाही, म्हणून लेन्स शोध घेत जवळच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. साध्या लेन्सला हा फेरा क्षणात उरकतो. मॅक्रोला तो कितीतरी लांब पडतो, आणि तोवर गुण होऊन गेलेला असतो. ‘मॅक्रो हंटिंग करते’ म्हणतात ते हेच.

यावरचा पहिला उपाय बहुतेक लेन्सच्या अंगावरच असतो, तो म्हणजे फोकस लिमिटर. २००९ मध्ये आलेल्या कॅननच्या ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रोवर तीन खुणांचा स्विच आहे: पूर्ण पल्ला, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटर ते अनंत. सोनीच्या एफई ९० मिमी एफ/२.८ मॅक्रोवरही असाच तीन टप्प्यांचा आहे. नायकॉनच्या २००६ च्या १०५ मिमी एफ/२.८ व्हीआर मॅक्रोवर दोन टप्प्यांचा आहे. स्विच ०.५ मीटर ते अनंतावर सरकवला की निम्म्याहून अधिक निरुपयोगी प्रवास कापला जातो. लेन्स चुकली तरी लांबवर भरकटत नाही. खेळ किंवा कार्यक्रम टिपायला निघताना हा स्विच तपासणं ही पहिली सवय असू द्या, आणि घरी परतल्यावर तो पूर्ण पल्ल्यावर आणणं ही दुसरी. नाहीतर पुढच्या वेळी फुलापाशी गेल्यावर लेन्स बिघडली की काय असं वाटतं.

दुसरा उपाय स्वतःच्या हाताने करायचा. फोकस कधीही कुठूनही सुरू होऊ देऊ नका. खेळ सुरू व्हायच्या आधी, जिथे खेळाडू येणार त्या अंतरावरच्या एखाद्या स्पष्ट रेषेवर, जाळीच्या काठावर किंवा खांबावर फोकस करून ठेवा. मग शटरचं बटण अर्धं दाबल्यावर लेन्सला मिलिमीटरचा अंशच सरकायचं असतं. त्यासोबत सतत फोकस करणारा मोड ठेवा, आणि जमल्यास फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या. आडवं कुणी आलं की अंगठा उचलायचा, फोकस आहे तिथेच थांबतो. मॅक्रोसाठी ही सवय इतर कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त लाभते, कारण इथे एका चुकीचा भुर्दंड मोठा आहे.

तिसरा उपाय जुना आणि अतिशय खात्रीचा: फोकस ठरवून टाका आणि ऑटोफोकस बंद करा. हे केव्हा चालतं, ते डेप्थ ऑफ फील्डवरून कळतं. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १०० मिमी, एफ/२.८, आणि अंतर ३ मीटर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १५ सेंमीचा असतो. तिथे हे जमणार नाही. पण ८ मीटरवर तोच पट्टा सुमारे १ मीटरचा होतो आणि १० मीटरवर पावणेदोन मीटरच्या घरात जातो. उंच उडीचा बार, अडथळ्याच्या शर्यतीतला अडथळा, बास्केटबॉलची रिंग, अशा ठरलेल्या जागी घडणाऱ्या घटनांना एक मीटरचा पट्टा पुरेसा आहे. त्या जागेवर फोकस बांधून ठेवला की लेन्स जलद की संथ हा प्रश्नच उरत नाही.

दूरच्या टप्प्यात मात्र फोकसची रिंग फार दाटीवाटीची असते. ३ मीटर ते अनंत हे सगळं अंतर रिंगच्या छोट्याशा फिरकीत बसवलेलं असतं. त्यामुळे धावणाऱ्याचा पाठलाग हाताने फोकस करत करणं मॅक्रोवर जवळपास अशक्य. ते सोडून द्या.

अंधारात ऑटोफोकसला कॅमेऱ्याचंही बळ लागतं, आणि जाहिरातीतले आकडे जपून वाचावेत. उदाहरणार्थ, २०२० च्या कॅनन ईओएस आर६ ला उणे ६.५ ईव्ही (उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार) इतक्या अंधारात फोकस करता येतो असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा एफ/१.२ च्या लेन्सवरचा आहे. एफ/२.८ त्याहून सुमारे अडीच स्टॉप कमी उजेड देते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तरीही उणे ४ च्या आसपासची क्षमता कुठल्याही रंगमंचाला पुरून उरते. खरी अडचण उजेडापेक्षा कॉन्ट्रास्टची, म्हणजे उजळ-गडद फरकाची असते. धुरकट मंचावर काळ्या कपड्यातला नट असेल तर त्याच्या कॉलरच्या कडेवर, केसांच्या रेषेवर किंवा डोळ्यांवर पॉइंट ठेवा. सपाट कापडावर कुठलाच कॅमेरा टिकत नाही. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांमधली डोळे ओळखणारी सोय इथे मनापासून वापरावी.

योग्य क्षण आणि फसवा उजेड

शटर हवा तेवढा वेगवान करता येत नसेल, तर हालचालच जिथे मंद होते तो क्षण निवडता येतो. उडी मारणारा माणूस उंचीच्या टोकावर क्षणभर थबकल्यासारखा दिसतो, आणि त्यात भौतिकशास्त्राचा पक्का आधार आहे. टोकाच्या ०.१ सेकंद आधीपासून ०.१ सेकंद नंतरपर्यंत त्याचा खालीवर वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी असतो, आणि त्या काळात तो टोकापासून फक्त ५ सेंमी खाली असतो. गिरकी उलटण्याचा क्षण, सर्व्हिसआधी हात मागे ताणला जातो तो क्षण, नृत्यातली सम, हे सगळे असेच. तिथे १/२५० लाही स्वच्छ फोटो मिळतो. मात्र माणसाला दिसून बोट दाबेपर्यंत साधारण पाचवा हिस्सा सेकंद जातो, म्हणून तो क्षण दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. लय ओळखून आधी दाबावं लागतं. बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ झटपट फोटो काढणं, मदतीला आहे, पण लय न कळता नुसता बर्स्ट मारला तर शेकडो फोटोंमध्ये नेमका तोच क्षण निसटलेला सापडतो.

हॉलमधला उजेड डोळ्यांना स्थिर दिसतो, पण तो स्थिर नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. १/५०० चा शटर म्हणजे ५० हर्ट्झच्या त्या एका चढउताराचा पाचवा भाग. म्हणून एकाच बर्स्टमधला एक फोटो उजळ, दुसरा अंधारा, तिसरा पिवळट असा प्रकार होतो. लोक लेन्सला किंवा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दोष देतात, पण दोष दिव्यांचा असतो. कॅननच्या २०१४ च्या ईओएस ७डी मार्क २ पासून कॅमेऱ्यांमध्ये अँटी-फ्लिकर ही सोय येऊ लागली. ती चालू केली की दिवा उजळ असतानाच शटर उघडतं. बर्स्टचा वेग थोडा मंदावतो, पण हा सौदा फायद्याचा आहे. रंगमंचावरच्या एलईडींची लुकलुक याहून कितीतरी जलद असते आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे उमटवते. तिथे मेकॅनिकल शटर वापरा.

मंचावर एक्सपोजर, म्हणजे किती उजेड टिपायचा ते, स्वतः ठरवा. काळा पडदा मोठा आणि चेहरा छोटा असला की मीटर पडद्याला राखाडी करायला धावतो आणि चेहरा पांढरा फटक होतो. सगळ्यात उजळ चेहऱ्यावरून सेटिंग बांधून घ्या आणि प्रकाशयोजना बदलेपर्यंत ते हलवू नका. लाल किंवा निळ्या दिव्यांत रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहा, कारण एकूण आलेख ठीक दिसत असताना एकटा लाल रंग ओसंडून गेलेला असतो आणि चेहऱ्याचे बारकावे कायमचे जातात.

जवळून काढलेला प्रत्येक फोटो ॲक्शनचाच

आता ही लेन्स तिच्या मूळ कामावर नेऊ, कारण तिथेही हाच हिशेब लागू होतो आणि अनेकांना तो जाणवत नाही. १०० मिमी लेन्सने १० मीटरवरच्या माणसाची प्रतिमा सेन्सरवर साधारण शंभरावा हिस्सा पडते. तो सेकंदाला १ मीटरने आडवा चालला तर प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला १० मिमी सरकते. १:१ ला प्रतिमा वस्तूएवढीच असते, त्यामुळे सेकंदाला १ सेंमी चालणारी मुंगीही सेन्सरवर तितक्याच वेगाने सरकते. वाऱ्याने सेकंदाला १० सेंमी झुलणारं फूल म्हणजे १० मीटरवरून आडवा धावणारा, सेकंदाला १० मीटर वेगाचा माणूस. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हाचा त्याचा सरासरी वेग साधारण एवढाच होता. झुळकीने डोलणाऱ्या फुलाला १/१२५ पुरेल असं आपण धरून चालतो, ते किती चुकीचं आहे ते यावरून कळावं.

वर उजेडही घटतो. भिंग जितकं पुढे जातं तितका उजेड पसरतो. साध्या भिंगाच्या गणिताने एफ/२.८ ची लेन्स १:१ ला एफ/५.६ सारखी वागते, म्हणजे उजेड चौथा हिस्सा. नायकॉनचे कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात. कॅननच्या ईएफ मॅक्रोवर तो दिसत नाही, नुसता शटर मंदावलेला किंवा आयएसओ वाढलेला आढळतो. स्टॅबिलायझेशनचा जोरही जवळ ओसरतो. कॅनन आपल्या त्याच २००९ च्या मॅक्रोसाठी नेहमीच्या अंतरावर ४ स्टॉपची मदत सांगते आणि १:१ ला फक्त २ ची. आणि स्पष्ट पट्टा? १:१ ला एफ/२.८ वर तो मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, एफ/११ वर सव्वा मिमीच्या आसपास.

म्हणून हलत्या किड्याला १:१ वर टिपायचं असेल तर फ्लॅशला पर्याय नाही. लहान फ्लॅश कमी शक्तीवर १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पेटतो. आजूबाजूचा उजेड फोटोत येऊ दिला नाही, तर तो क्षणच खरा शटर ठरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तो याच तत्त्वावर. वस्तू लेन्सपुढे काही सेंमीवर असल्याने छोटा फ्लॅशही भरपूर होतो, त्यावर पांढरा डिफ्यूजर लावला की उजेड मऊ पडतो. हॉलमध्ये मात्र फ्लॅश विसरा. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते, आणि अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो.

मग खेळांसाठी मॅक्रोच घ्यावी का? फक्त खेळ किंवा मंच टिपायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ८५ मिमी एफ/१.८ घ्या. ती जवळपास अडीचपट उजेड देते आणि फोकसही झटपट होतो. ७०-२०० मिमी एफ/२.८ झूम उजेडाला मॅक्रोएवढीच आहे, फोकसला सरस आहे, पण तिचं वजन एक ते दीड किलो असतं. १०० मिमीची मॅक्रो साधारण ६०० ते ७५० ग्रॅमची. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती १५०-१६० मिमीएवढी चौकट देते, त्यामुळे लहान हॉलमध्ये झूमची उणीवही फारशी जाणवत नाही. नव्या मिररलेस मॅक्रोंनी फोकसची दरीही बरीच बुजवली आहे. २०२१ च्या कॅनन आरएफ १०० मिमी मॅक्रोमध्ये दोन भिंगगट दोन वेगळ्या मोटरींवर सरकतात आणि हंटिंग पुष्कळ कमी झालंय.

पण एक पट्टा असा आहे जिथे मॅक्रोला तोड नाही: अर्धा मीटर ते दीड मीटर. वादकाची तारांवरची बोटं, कारागिराचे चालते हात, खेळण्यात गढलेलं तान्हं मूल, नाक पुढे करून जवळ येणारं पिल्लू. ८५ मिमी एफ/१.८ लेन्स बहुतेकदा ८० ते ८५ सेंमीच्या आत फोकसच करत नाहीत. पुष्कळ जुन्या ७०-२०० तर सव्वा मीटरच्या पुढेच काम सुरू करतात. मॅक्रो लिमिटरवर ठेवूनही ५० सेंमीपर्यंत मोकळी असते आणि एफ/२.८ चा बराचसा उजेड तिथे मिळतो. शटर १/३२०, सतत फोकसचा मोड, डोळ्यावर किंवा बोटाच्या टोकावर पॉइंट, आणि पट्टा काही मिलिमीटर ते फार तर तीन-चार सेंमीचाच असल्यामुळे तीन-चार फोटोंचे छोटे बर्स्ट. हालचाल तुमच्याकडे येणारी असेल तर थोडं बाजूला सरकून ती आडवी करून घ्या. फोकसला पाठलाग करायला कमी अंतर उरतं आणि हाताला लागणाऱ्या फोटोंची संख्या लगेच वाढते.